अर्धं दाबलेलं बटण

लग्नांत वाजवणाऱ्या महिपतच्या बेंजो पार्टीत नवं गाणं बसवायची एकच रीत होती. मुरबाडच्या बाजारातून कॅसेट आणायची, वैशाखरे गावातल्या त्याच्या ओट्यावर सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि कॅसेट मागेपुढे करत गाणं बोटांत उतरेपर्यंत उठायचं नाही. मधेच कुणी म्हणालं, "हितं जरा लांबवला तं बरा वाटंल," की महिपत विडी विझवून म्हणायचा, "कॅसेट खोटी नाय बोलत. खोटा बोलतंस तो तू."

या रीतीतून सुटलेली एकच गोष्ट पार्टीत होती, ती म्हणजे पाठवणी. वरात नाचून दमलेली, ढोलवाले पंगतीला बसलेले, बाया नवरीच्या गळ्यात पडून रडतायत, अशा वेळी काय वाजतंय याकडे महिपतचंही लक्ष नसे. तेव्हा त्याचा भाचा भगीरथ बेंजोवर स्वतःचंच काहीतरी वाजवत बसे. भगीरथ सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतला. आई गेल्यावर मामाकडे आला आणि बेंजोला चिकटला. बेंजो म्हणजे पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. उजव्या हाताने तार छेडायची, डाव्याने बटण दाबायचं. पाठवणीच्या चालीत शेवटाकडे येताना भगीरथ एक बटण पुरतं दाबत नसे. अर्धंच धरून ठेवी. मग तार धड बोलत नसे आणि गप्पही राहत नसे. दोन सुरांच्या मधे कुठेतरी थरथरत, खरखरत राही, आणि एको मशीनमधून ती थरथर मांडवभर फिरे.

"हा बेंजो नाय वाजवत, बायांना रडवतो," पार्टीतली पोरं म्हणत.

"त्या तशाबी रडतच असतात," भगीरथ म्हणे. "मी आपला साथीला."

मनस्वीने ती चाल ऐकली ती थोरल्या बहिणीच्या, प्रियांकाच्या लग्नात. साल नव्याण्णव. मनस्वीच्या वडिलांची मुरबाडला भाताची गिरणी होती आणि ती स्वतः मुंबईला वसतिगृहात राहून पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करत होती. तिथे खोलीतल्या मैत्रिणीकडे इंग्लंडमधल्या कुठल्या कुठल्या बँडच्या कॅसेटी होत्या. त्यांतला ताल यंत्रासारखा एकसुरी, गिटार ओल्या काचेपलीकडच्या दिव्यासारखी पसरलेली, आणि गाणारीचा आवाज इतका मागे की शब्द निम्मेच कळावेत. दुःख होतं, पण त्यात रडारड नव्हती. मनस्वी मुळातच कमी बोलणारी. असं गाता येत असेल तर आपल्यालाही गाता येईल, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. वहीत शब्द जमत होते, चालीही सुचत होत्या. त्यांना धरून ठेवणारा आवाज तेवढा सापडत नव्हता.

बहिणीच्या पाठवणीला सगळं घर रडत होतं, आणि मनस्वी नवरीकडे पाठ करून बेंजोवाल्याकडे बघत उभी होती. त्याबद्दल काकीने तिला पुढे कितीतरी वर्षं टोमणे मारले.

चार दिवसांनी ती चुलतभाऊ शेखरला घेऊन वैशाखऱ्याला गेली. शेखरकडे एक कॅसिओ कीबोर्ड होता आणि त्यातले तयार ठेके त्याला पाठ होते.

"गाणी माझी आहेत," ती भगीरथला म्हणाली. "साथीला तुझा बेंजो पाहिजे. त्या पाठवणीसारखा."

"लग्न कोणाचा हाय?"

"लग्न नाही."

"मंग पाठवणी कोणाची?"

शेखर हसला. भगीरथ मात्र विचार करून म्हणाला, "येतो. पावसाळ्यात हात रिकामाच असतो."

होळीनंतर गिरणी थंड पडे ती दिवाळीपर्यंत. भाताचं गोदाम रिकामं, उंच, पत्र्याचं. टाळी वाजवली तर ती भिंतीवरून परतून येई. तिथे कोंड्याच्या वासात तिघांनी दोन पावसाळे गाणी बसवली. पत्र्यावर सर आली की थांबायचं, चहा प्यायचा, सर गेली की पुन्हा सुरुवात. टेपरेकॉर्डर एक आणि कॅसेटही एकच. तालमीवर तालीम चढवायची, जुनी पुसायची. नीट झालं की एकदाच मुंबईला जाऊन रेकॉर्ड करायचं, असं ठरलेलं होतं. अल्बमचं नाव मनस्वीने ठेवलं 'कोंडा'.

"लोकांना वाटंल डोक्याच्या तेलाची जाहिरात हाय," शेखर म्हणाला.

"ज्यानं गिरणी बघितली त्याला नाय वाटणार," भगीरथ म्हणाला.

पहिल्याच दिवशी एक अडचण निघाली होती. कॅसिओ आणि बेंजो जुळेनात. भगीरथ बेंजो सुरात लावायचा तो मामाच्या जुन्या बाजाच्या पेटीवर, आणि ती पेटी जगाच्या सुरापेक्षा जरा खाली उतरलेली होती. फार नाही, अर्ध्या सुराच्याही आत. मनस्वीने प्रयोगशाळेतून नादकाटा मागून आणला, त्याच्या शेजारी तार छेडली, दोन आवाज एकमेकांवर आदळून जे हेलकावे घेतात ते मोजले आणि फरक किती तो काढला. कॅसिओच्या मागच्या बाजूला सूर वरखाली करायचं एक बारीक बटण होतं. तिने कॅसिओ तेवढा खाली उतरवला. दोन्ही जुळले. कॅसिओ बंद केला की तो आपला मूळ सुरावर परत जाई, म्हणून प्रत्येक तालमीआधी ते बटण दाबणं हे तिचं काम होऊन बसलं. भगीरथला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला सांगायची गरजही पडली नव्हती.

शेवटचं गाणं पाठवणीचं. त्यात मनस्वी शेवटच्या ओळीवर थांबायची, आणि ते अर्धं दाबलेलं बटण तिचं वाक्य पुरं करायचं. किंवा पुरं न करता सोडून द्यायचं. गोदामात ती थरथर भिंतींवरून परत येई तेव्हा तिघंही ती विरेपर्यंत ऐकत राहत. शेखरसुद्धा.

स्टुडिओ मिळाला तो दोन हजार दोनच्या वैशाखात, दोन दिवसांसाठी. शिकवण्या घेऊन मनस्वीने तेवढी सोय केली होती. एका इमारतीच्या तळघरातली ती थंडगार खोली, भिंतींना जाड कापड. भगीरथ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता आणि बेंजो त्याने आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. रेकॉर्डिस्ट सभ्य माणूस होता. त्याने काचेमागून खूण केली, शेखरने कॅसिओ सुरू केला, भगीरथने तार छेडली, आणि दोन्ही आवाज एकमेकांना खाऊ लागले.

"हे वाद्य बेसूर आहे," रेकॉर्डिस्टचा आवाज हेडफोनमधून आला. "लावून घ्या."

मनस्वीला चूक तत्क्षणी कळली. प्रवासात कॅसिओ बंद होता, तो मूळ सुरावर गेला होता. ते बटण तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. शेखर तिच्याकडे बघत होता.

तिने हात पुढे केला नाही.

त्या क्षणी आपण का थांबलो हे तिने नंतर स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे सांगून पाहिलं. घाबरलो, गोंधळलो, रेकॉर्डिस्टपुढे बोलायचा धीर झाला नाही. खरं तेवढं एकच होतं. कोपऱ्यात स्टँडवर कुणाचीतरी गिटार उभी होती आणि खोलीत शिरल्यापासून तिची नजर तिच्यावर होती. त्या थंड खोलीत, लुगड्यातून निघालेला, झिलई उडालेल्या बटणांचा तो बेंजो तिला लग्नातला दिसला. तिला आपला अल्बम मैत्रिणीच्या कॅसेटींसारखा हवा होता.

भगीरथने खुंट्या पिळल्या. कानाने चढवायला गेला तर एक तार तुटली. दुसरी घातली, ती बसेपर्यंत उतरत राहिली. घाम पुसत तो दर वेळी म्हणत होता, "पेटीवर तं बरोबर लागला व्हता." संध्याकाळपर्यंत तारा कशाबशा चढल्या, पण मग रेकॉर्डिस्टने पाठवणीतल्या त्या जागी हात वर केला.

"इथे खरखर येतेय. बटण नीट दाबा."

"ती तशीच हाय साहेब," भगीरथ म्हणाला आणि त्याने मनस्वीकडे पाहिलं.

मनस्वी कागदावरचे शब्द वाचत राहिली.

दुसऱ्या दिवशी भगीरथला थांबता येणार नव्हतं. धसईच्या लग्नाची सुपारी महिपतने घेतली होती, आणि घेतलेली सुपारी मोडत नाहीत. "मी परवा येतो की," तो म्हणाला. परवा स्टुडिओ नव्हता. रेकॉर्डिस्ट म्हणाला, माझ्या ओळखीचा एक गिटारवाला आहे, उद्या सकाळी येईल, एकदा ऐकून वाजवेल. मनस्वी म्हणाली, बरं.

गिटारवाल्याने खरंच एकदा ऐकून वाजवलं. चाल तीच, सगळे सूर स्वच्छ. अर्ध्या बटणाच्या जागी त्याने एक गोल, पुरा सूर ठेवला आणि तो छान लांबवला. ऐकताना मनस्वीला वाटलं, हे असंच तर हवं होतं. तसं वाटणं कल्याण येईपर्यंत टिकलं. पुढे मुरबाडच्या एसटीत शेखर खिडकीकडे तोंड करून बसला होता. बारवी नदी ओलांडल्यावर तो एवढंच म्हणाला, "बटण तुला ठाऊक होतं."

कॅसेट निघाली. थोड्या खपल्या, बऱ्याच वाटल्या. मुंबईच्या एका इंग्रजी पेपरात चार ओळी आल्या आणि त्यांत गिटारचं कौतुक होतं. भगीरथची कॅसेट मनस्वीने शेखरच्या हाती पाठवली. आतल्या कागदावर 'मूळ चाल: भगीरथ' असं छापलं होतं आणि तेवढ्यावर तिने स्वतःला समजावलं.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

"काय नाय. ऐकतो म्हणाला."

तो रागावला असता तर जाऊन काही बोलता आलं असतं. तो रागावल्याचं कधी कळलं नाही, म्हणून तीही गेली नाही. मग नोकरी लागली, कल्याणच्या कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवू लागली. गाणं राहून गेलं. वडिलांनी गिरणी विकली, गोदामात नव्या मालकाने खताच्या गोण्या भरल्या. भरलेल्या गोदामात आवाज परत येत नाही.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तिला बंगळूरहून एका तरुणाचा ईमेल आला. त्याला 'कोंडा' कुठूनशी मिळाली होती. तो या संगीताला पोस्ट-पंक म्हणत होता, ड्रीम पॉप म्हणत होता, आणि आपल्या छोट्या कंपनीतर्फे ती सीडीवर पुन्हा काढू इच्छित होता. शेवटी त्याने विचारलं होतं, त्या वेळचं आणखी काही ध्वनिमुद्रण आहे का? असेल तर जोडू.

नव्हतं. तालमीची एकच कॅसेट, आणि तिच्यावर उरलेली शेवटची तालीमही पुढे ओल लागून गेलेली. पण भगीरथ होता. पाठवणी जशी होती तशी, बेंजोवर, पुन्हा एकदा रेकॉर्ड करून घ्यायची आणि सीडीवर गिटारच्या जागी ती घालायची. सहा वर्षांत पहिल्यांदा मनस्वीला वाटलं की ते बटण अजून दाबता येईल.

तिने आधी कळवलं नाही. छोटा रेकॉर्डर पर्समध्ये टाकला आणि वैशाखऱ्याला उतरली. भगीरथ अंगणात टेम्पोच्या मागे बसून वायरी सोडवत होता. पोट सुटलं होतं, केस तसेच दाट. महिपत वारला होता, पार्टी आता भगीरथची होती.

"अगो, मनस्वीताय," तो उठला. "वाट चुकलीस का एसटी चुकली?"

"तुझ्याकडेच आलेय."

"रंभा, चहा ठेव गो. मुरबाडची ताय आली, गिरणीवाली." त्याने बायकोला हाक दिली. मग मनस्वीकडे वळून, "गिरणी तं विकलीत म्हणा. आता कॉलेजवाली."

चहा झाला. पार्ट्या कमी झाल्या, पोरांना डीजे लागतो, हे बोलणं झालं. संध्याकाळी गावातच लग्न होतं. मनस्वीने सीडीचं सांगितलं.

"भगीरथ, ती पाठवणी. गिरणीत वाजवायचास तशी. मला ती घ्यायची आहे."

तिला वाटलं होतं, तो गप्प होईल. त्याचा चेहरा उलट उजळला.

"ती तं आमची पेशल हाय आता. धसई, टोकावडे, पार नारिवलीपतूर. माणसं सुपारी देतानाच सांगतात, ती कॅसेटवाली पाठवणी वाजवा." त्याने पार्टीतल्या एका पोराकडून बेंजो मागवला. लुगडं तेच होतं. "ऐक."

मनस्वीने रेकॉर्डर सुरू केला. भगीरथने एक डोळा मिटून तार छेडली, आणि तिला पहिल्याच सुरात कळलं. बेंजो वर होता. कॅसेटच्या सुरात होता. तरी ती थांबली, शेवटाची वाट बघत राहिली. शेवट आला. भगीरथचं बोट बटणावर आलं, पुरतं खाली गेलं, आणि एक गोल, स्वच्छ सूर अंगणात लांबत गेला. जितका गिटारवाल्याने लांबवला होता, बरोबर तितका.

"बरोबर ना?" भगीरथ म्हणाला.

रेकॉर्डर फिरत होता.

"तू हे कुठून बसवलंस?"

"कॅसेटवरून. तू धाडलेली नाय का? शेखर देऊन गेला." तो हसला. "ऐकली तवा लाजच वाटली गो. म्हटला, इतका वरीस आपून चुकीचा वाजवीत व्हतो. मामाची पेटीच उतरलेली, तवा कळला. मंग तारा चढवल्या कॅसेटीवर. त्या शेवटाच्या जागंला लय दिवस गेले, बोट आपला मधेच अडायचा. मामा बाजूला बसून सांगायचा, पुरा दाब, पुरा दाब. मोडली शेवटी ती खोड."

मनस्वीने रेकॉर्डर बंद केला. नुसतं 'बरोबर' म्हणून चहाचा कप खाली ठेवता आला असता. एकदा गप्प बसून झालं होतं.

"चूक तुझी नव्हती," ती म्हणाली. "स्टुडिओत तुझा बेंजो बेसूर नव्हता. कॅसिओ वर गेला होता. मागचं बटण दाबलं की तो खाली यायचा. गिरणीत मीच दाबायची रोज. त्या दिवशी नाही दाबलं."

"इसरलीस?"

"नाही."

भगीरथने तारांवर हात ठेवला. 

"आणि त्यो खरखरीचा?" त्याने विचारलं.

"ती खरखर गाण्यात होती. तीच तर गाण्यात होती. त्या गिटारवाल्याला वाजवता आली नाही, आणि मी चालवून घेतलं."

"मंग तवाच सांगायचा व्हता गो," भगीरथ हळूच म्हणाला. तो रागावला नव्हता. टेम्पो निघून गेल्यावर आलेल्या माणसाला सांगावं तसं सांगत होता.

मग त्यानेच पोराला हाक मारून कीबोर्ड आणायला लावला. मनस्वीने मागे हात घालून बटण शोधलं. फरक किती होता ते ती विसरली नव्हती. तिने कीबोर्ड खाली आणला आणि भगीरथ एकेक खुंटी पिळून तारा उतरवू लागला. जसजशा तारा सैल झाल्या तसतसा गिरणीतला आवाज अंगणात येऊ लागला. रंभा हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मनस्वीने रेकॉर्डर पुन्हा सुरू केला.

चाल सगळी जुन्या सुरात आली. शेवटाकडे भगीरथने डोळे मिटले. बोट बटणावर आलं आणि पुरतं खाली गेलं.

"थांब," तो म्हणाला. पुन्हा वाजवलं. पुन्हा पुरतं. तिसऱ्यांदा त्याने बोट मुद्दाम उचलून धरलं, तर तार नुसती खट्ट करून मेली. त्याने बोटाकडे पाहिलं, पँटला पुसलं, पुन्हा ठेवलं. नुसतीच खरखर आली, तिच्यात दुसरा सूर नव्हता.

"किती दाबायचो मी?" त्याने विचारलं.

मनस्वीने तारांचा फरक मोजला होता. बोट किती खाली जातं हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ती तेव्हा डोळे मिटून ऐकत असे.

"अर्धं," ती म्हणाली.

"अर्धा म्हंजे किती गो?" भगीरथ म्हणाला.

गल्लीतून हाक आली, नवरदेव पारावर आलाय, पार्टी कुठे आहे. कीबोर्डवाल्या पोराने वायर ओढून कीबोर्ड टेम्पोत टाकला. भगीरथ तारा चढवायला बसला, भरभर, सवयीच्या हाताने. "त्यो चालू केला की वरच बोलणार," तो टेम्पोतल्या कीबोर्डकडे बोट करून म्हणाला. "आणि सुपारी घेतलीय." जाताना म्हणाला, "जेवून जा, ताय. आणि पाठवणीला थांब."

ती थांबली. ऊन उतरताना नवरी निघाली. आया-बाया रडत होत्या, एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून शेजारणीला सांगत होती, ही चाल ऐकली का काळीजच हलतं. भगीरथ टेम्पोच्या मागे बसून मान खाली घालून वाजवत होता. चाल शेवटाकडे आली तशी मनस्वी गर्दीतून दोन पावलं पुढे गेली, त्याचं बोट दिसेल इतकी. बटणावर येऊन बोट जरासं अडखळलं. भगीरथने वर पाहिलं, ती दिसली, आणि मग ते पुरतं खाली गेलं.